देह क्रमांक सहा

शार्दूल कोठेकरने आरेखलेलं वाचनालय मोठ्या पडद्यावर उभं राहिलं, तेव्हा शेवटच्या वर्षाचा अख्खा वर्ग पुढे सरकून पाहायला लागला. इतकं ते देखणं होतं. दाबलेल्या मातीच्या जाड भिंती, सिमेंट जवळजवळ नाहीच, लोखंड नावापुरतं. पर्यावरणाच्या चाचणीत त्याला त्या वर्षीचे सर्वाधिक गुण मिळाले होते. आता दुसरी चाचणी उरली होती. पिंपळापुरे मॅडमनी कळ दाबली आणि पडद्यावर सात राखाडी आकृत्या ते वाचनालय बांधायला लागल्या.

त्या आकृत्यांना चेहरे नव्हते, कपडे नव्हते. माती कालवणं, वाहणं, ओतणं, ठोकणं एवढंच त्या करत होत्या, आणि बाजूला नागपूरचं ऊन तारखेनुसार चढत-उतरत होतं. पडद्यावर एकेक दिवस काही क्षणांत सरत होता. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात भिंती डोक्याच्या वर गेल्या आणि ओल्या मातीचं घमेलं शिडीवरून वर न्यावं लागायला लागलं. सहावी आकृती अडखळली, बसली, मग आडवी झाली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं उमटली : देह क्रमांक सहा, मूत्रपिंडं निकामी.

"गेली सहावी," मागून कोणीतरी म्हणालं. वरच्या वर्गांत ते म्हणायची पद्धतच पडून गेली होती. आराखडा नापास झाला असं कोणी म्हणत नसे, सहावी गेली म्हणत.

मोनाली दडमल पहिल्या रांगेत बसली होती. लाल अक्षरांकडे तिचं लक्षच नव्हतं. चौथ्या वर्षापर्यंत विद्यार्थ्यांना या चाचणीचे फक्त आकडे मिळत. देह चालताना पाहायची ही तिची पहिलीच वेळ होती. पडण्याआधी प्रत्येक खेपेनंतर ती आकृती जराशी थांबत होती आणि डाव्या पायाची टाच उजव्या पोटरीवर घासत होती. मग मान किंचित तिरपी करून पुन्हा घमेलं डोक्यावर घेत होती. डावा पाय टाकताना लचकत होती. तिची आई, शकुन, नळावर पाण्याला उभी असतानासुद्धा अशीच टाच घासायची. तिचा डावा घोटा मोनालीच्या जन्माआधी परांचीवरून पडून मोडला होता आणि नीट बसला नव्हता. मोनाली सहावीत असताना ती वारली.

या चाचणीला देहतपासणी म्हणत. ती आली त्याला फार वर्षं झाली नव्हती. त्याआधी इमारत हिरवी आहे की नाही हे मोजायची साधनं भरपूर होती. किती कार्बन हवेत गेला, किती वीज वाचली, सगळं मोजलं जायचं. ती बांधताना माणसांच्या शरीराचं काय झालं, हे मोजायची सोय मात्र नव्हती. उन्हात जड काम करताना शरीर स्वतःला थंड ठेवायला रक्त कातडीकडे पाठवतं, आणि ते रक्त जिथून कमी होतं त्यात मूत्रपिंडं पहिली. घामानं पाणी आणि मीठ जातं, उरलेलं रक्त दाट होतं, थकलेल्या स्नायूंचा कचरा त्याच रक्तात येतो. एका दिवसात काही होत नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे असेच गेले की मूत्रपिंडांवर व्रण साठत जातात, आणि माणसाला कळेपर्यंत ती संपलेली असतात.

हे समजून घ्यायला एका कामगार-आरोग्य प्रकल्पात साइटवरच्या काही लोकांच्या छातीला पट्टे बांधले गेले. नाडी, आतलं तापमान, घामातलं मीठ, सांध्यांवर पडणारा भार, प्रत्येक हालचाल, हे सगळं पट्टा टिपायचा आणि शरीर धोक्यात आलं की वाजायचा. त्या टिपणांवरून संगणकानं सात देह घडवले. ती नुसती चित्रं नव्हती. नवा आराखडा आणि नवं ऊन दिलं, की तो मूळ माणूस जसा थकला असता तसे ते थकायचे, त्याच्यासारखे चालायचे आणि त्याच्यासारखे पडायचे. नावं पुसून टाकलेली होती. सातांपैकी एकही देह पडला तर आराखडा मंजूर होणार नाही, असा नियम झाला. त्यानंतर साइटवर उन्हानं मरणाऱ्यांची संख्या पहिल्यांदाच झपाट्यानं उतरली.

मोनालीनं तेव्हा कोणालाच काही सांगितलं नाही. दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर तिनं मागच्या बॅचचे आराखडे एकेक करून उघडले. एक वाहनतळ, एक बंगला, एक रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी तीच आकृती टाच घासत उभी होती, आणि बऱ्याच ठिकाणी ती पडत होती. किती वेळा पाहिलं ते तिनं मोजलं नाही.

तिचे वडील दौलत दडमल सेंट्रिंगचे मिस्त्री. भिवापूरकडचं गाव सोडून नागपुरात आलेले, उमरेड रोडला दोन खोल्यांत राहणारे. आई त्यांच्याच साइटवर रेजा होती, म्हणजे माल वाहणारी बाई. मोनालीनं त्यांना विचारलं, आईच्या छातीला कधी पट्टा होता का. ते पालकाची भाजी निवडत होते. निवडतच राहिले. मग त्यांनी सांगितलं ते असं, की पट्टा होता, चार उन्हाळे होता. शकुनला त्याचा अभिमान वाटायचा, आपण काहीतरी सरकारी काम करतो असं ती सगळ्यांना सांगायची. पण स्लॅबच्या दिवशी तो फार वाजायचा. स्लॅबचं काँक्रीट एकदा ओतायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही. थांबलं तर वाळलेल्या भागाला ओला भाग धरत नाही, तिथं भेग राहते आणि घर गळतं. मुकादम ओरडायचा. म्हणून शकुन पट्ट्यावर पदराच्या घड्या करून घट्ट बांधायची, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. शेवटच्या वर्षी ती असं करायची तेव्हा दौलत स्लॅबच्या खाली टेकू तपासत असायचे.

"मले ऐकू यायचं," ते म्हणाले. "खाली बरोबर ऐकू यायचं." आणि भाजी धुवायला उठून गेले.

देह कोणाचा हे त्या प्रकल्पाला विचारायचा वारसांना हक्क होता. मोनालीनं विचारलं आणि उत्तर आलं, होय, देह क्रमांक सहा शकुन दडमल यांचाच. दोन्ही वारसांनी सही केली तर तो देह कायमचा काढून टाकता येईल, असंही त्यात होतं.

ते घेऊन ती पिंपळापुरे मॅडमकडे गेली. वैजयंती पिंपळापुरे यांनी या चाचणीसाठी उमेदीची वर्षं घालवली होती. मोठमोठ्या बांधकाम कंपन्यांशी भांडून त्यांनी तो नियम करून घेतला होता. त्या कधी कोणापुढे नरमल्याचं विद्यार्थ्यांनी पाहिलं नव्हतं. उत्तर वाचून त्यांनी चष्मा काढला. आपल्या वर्गात बसून या मुलीनं किती वेळा 'गेली सहावी' ऐकलं असेल, असं त्या म्हणाल्या, आणि माफी मागितली. मग त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. बाकी सहा जणांनी एकेक उन्हाळा पट्टा बांधला आणि सोडला. व्रण कसे साठतात, शरीर नेमकं कुठे हार मानतं, हे शेवटापर्यंत एकाच देहात नोंदलेलं आहे. सहावी काढली तर चाचणी राहील, पण तिच्या जागी सरासरी काढून बनवलेला देह घालावा लागेल.

"आणि सरासरी देह कधी मरत नाही, मोनाली," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच कंपन्यांना तो हवा होता."

त्यांनी कसलाही आग्रह केला नाही. तुम्ही दोघं ठरवा, एवढंच म्हणाल्या.

दौलतनी आधी पाहायला मागितलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते प्रयोगशाळेत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. मोनालीनं एका साध्या भिंतीच्या कामावर सहावीला चालवलं. तिनं टाच घासली, तसा दौलतनी हात पुढे केला आणि पडद्याच्या अलीकडेच थांबवला. नंतर त्यांनी विचारलं, "हिले बसवता येते का?"

असं कोणी कधी केलं नव्हतं. देहांना काम द्यायचं असायचं, बसवायचं नसायचं. मोनालीनं पडद्यावर एक झाड काढलं, त्याची सावली काढली, खाली ओटा काढला, पाणी ठेवलं आणि कामाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. सहावी सावलीत आली. थोडा वेळ उभीच राहिली, मग बसली. बाजूला नाडीचा आकडा हळूहळू उतरायला लागला. दौलत तो उतरताना बघत राहिले. अंधार पडायला आला तेव्हा मोनालीनं त्यांना उठवलं.

त्यानंतर ते दर रविवारी यायला लागले. डबा आणायचे, सावलीत बसलेल्या सहावीसमोर जेवायचे, गावाकडच्या गोष्टी पुटपुटायचे. मोनालीला ते बरंही वाटायचं आणि भीतीही वाटायची, कारण घरी ते आता बोलेनासे झाले होते. जाताना मात्र दर वेळी एकच विचारायचे, या आठवड्यात ती किती वेळा पडली. मोनाली खोटं सांगायची.

तिचा स्वतःचा आराखडा गावाकडच्या शाळेचा होता. तो सुरू करायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण पदवी त्यावर अडली होती. तिनं मातीची शाळा काढली, सहावी पडली. विटांची काढली, दगडाची काढली, भिंती बुटक्या केल्या, माणसं वाढवली. कधी पावसाळ्याआधी पडली, कधी स्लॅबच्या दिवशी. प्रत्येक वेळी बटण दाबणारा हात तिचाच होता. एकदा शार्दूल शेजारच्या टेबलावरून उठून आला आणि म्हणाला, की तुझ्या आराखड्यांची चाचणी मी चालवतो, तू बाहेर जाऊन बस. त्याला एव्हाना सगळं कळलं होतं. आपल्या वाचनालयाच्या त्या दिवशीच्या सादरीकरणाबद्दल तो अवघडून काहीतरी बोलायला लागला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं. पण बाहेर ती गेली नाही.

मॅडम म्हणत होत्या की हा देह पट्टा बांधण्याआधीच झिजलेला होता, यंत्रांशिवायच्या बांधकामात कदाचित तो कधीच टिकणार नाही. मोनालीला ते पटत नव्हतं. तिच्या डोक्यात बाबांचं स्लॅबबद्दलचं बोलणं घोळत होतं. पट्टा तर वेळेवर वाजत होता. शरीर सांगत होतं. इमारतच ऐकायला तयार नव्हती, कारण तिला मध्ये थांबता येत नव्हतं. आपण आजवर मजबूत, स्वस्त, हिरव्या अशा सगळ्या प्रकारच्या इमारती शिकलो. कोणत्याही क्षणी थांबवता येईल अशी इमारत कोणी शिकवलीच नाही.

तिनं पुन्हा कोऱ्या कागदावर सुरुवात केली. या शाळेत ओतायचं काहीच नव्हतं. बांबूच्या कमानी जमिनीवरच बांधायच्या आणि दोरानं उभ्या करायच्या. छत आधी घालायचं, भिंती नंतर त्याच छताच्या सावलीत रचायच्या. प्रत्येक तुकडा एका माणसाला कमरेपर्यंत दोन हातांनी सहज उचलता येईल एवढाच, आणि लाकडी खुंट्यांनी कोरडाच जोडायचा. अर्ध्यावर काम टाकून सगळे महिनाभर घरी गेले तरी काही बिघडणार नाही. ऐन उन्हाळ्यात काम बंदच. ठेकेदार जी शाळा आठ महिन्यांत उभी करतो, तिला दोन हिवाळे लागणार होते. तिनं चाचणी चालवली. सहावी पहिल्या हिवाळ्यात टिकली. फेब्रुवारीच्या अखेरीला तिचं आतलं तापमान चढलं, काम थांबलं, ती सावलीत बसली, आकडे उतरले, ती उठली. असं खूपदा झालं. दुसरा हिवाळा संपला. शेवटची खुंटी ठोकली गेली, आणि सहावी उभी होती.

अंतिम सादरीकरणाला दौलत मागच्या रांगेत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वेळेबद्दल बरेच प्रश्न विचारले. एक जण म्हणाले, एवढं थांबायला कोणाकडे सवड आहे. पण शेवटी सहावी उभी राहिली, तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. या प्रयोगशाळेत त्या आधी कधी वाजल्या नव्हत्या. शार्दूल उभा राहून वाजवत होता. मोनालीनं मागे पाहिलं, तर बाबांची खुर्ची रिकामी होती.

ते बाहेर व्हरांड्यात कठड्याला धरून उभे होते.

"म्हंजे वाचली असती," ते म्हणाले.

मोनाली त्यांच्या शेजारी कठड्याशी जाऊन उभी राहिली.

"एवढंच लागत होतं? जराशी सावली, अन् थांब म्हणणारं कोणी?"

ती खोटं बोलू शकली असती. दर रविवारी बोलतच होती. पण तिच्या तोंडून "हो, बाबा" निघून गेलं.

ते उन्हाचं होतं, नशिबाचं होतं, अंगात उष्णता मुरली होती, असं म्हणत त्यांनी इतकी वर्षं काढली होती. डायलिसिसला नेताना बसमध्ये ते शकुनला हेच सांगायचे. आता त्यांच्या पोरीनंच, शिकून-सवरून, त्यांच्या हातातून ते काढून घेतलं होतं. त्यांचं तोंड एकदम म्हाताऱ्या माणसासारखं दिसायला लागलं. थोड्या वेळानं ते म्हणाले की आता सह्या करू या, तिला यातून काढून टाकू. मोनालीनं नुसती मान हलवली, नाही अशी.

"एकदा जित्ती निघाली न ती," दौलत म्हणाले. "तिथंच राहू दे तिले. आता पुन्हा कायले नेतं उन्हात?"

"बाबा, तिला काढलं तर सगळ्यांचे आराखडे पास होतील."

"होऊ दे."

"मग साइटवर खरी माणसं पडतील."

"तुले मायची दया येत नाही?"

"येते."

"मग?"

"दुसऱ्या पोरींच्या आया जित्या हायेत अजून, बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला चाललं असतं. ते जिना उतरून गेले, हळूहळू, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. महिन्याभरात त्यांनी सेंट्रिंगचं काम सोडलं आणि खोल्या रिकाम्या करून गावी भावाकडे राहायला गेले. मोनाली फोन करायची तेव्हा जेवलो, बरा आहे, तुझं कसं, एवढं बोलायचे. शकुनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मोनालीचीही हिंमत झाली नाही. आपण बरोबर केलं की नाही हे ती स्वतःला विचारायची, तेव्हा उत्तर बरोबरच यायचं. त्यानं जीव हलका व्हायचा नाही.

शाळेचं काम मात्र खरोखर झालं. एका संस्थेनं तो आराखडा उचलला, मॅडमनी पाठपुरावा केला, आणि भिवापूरच्या पुढे एका गावात बांबूच्या कमानी उभ्या राहिल्या. गाव बाबांच्या गावापासून फार लांब नव्हतं. कमानी उभ्या करायच्या दिवशी तिनं त्यांना बोलावलं होतं. येतो म्हणाले, आले नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटाला एका दुपारी कामावरच्या कोणाच्या तरी छातीवरचा पट्टा वाजला आणि काम थांबलं. सगळे हातातलं होतं तिथं ठेवून छताखाली येऊन बसले. रेजांपैकी वनिता नावाची एक बाई कुरकुरत होती. अशानं ही शाळा आपल्या नातवंडांच्या लग्नापर्यंत चालणार, असं तिचं म्हणणं होतं. तिला घरी जाऊन तुरीच्या शेंगा सोलायच्या होत्या. मोनाली तिच्या शेजारी बसली. वनिता तांब्यातलं पाणी प्यायली आणि तांब्या तिच्याकडे सरकवून वेळ घालवायला म्हणून इकडचं-तिकडचं विचारायला लागली. गाव कोणतं, लग्न झालं का, एवढं शिकून पोरगी इथं धुळीत कशाला बसते.

"माय काय करते तुमची?" तिनं विचारलं.

त्या वेळी नागपुरात प्रयोगशाळा सुरू असणार होती. नव्या बॅचचे आराखडे आले होते. मॅडमनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं की यंदा मुलं हुशार आहेत, पण स्लॅबची सवय अजून सुटत नाही.

"कामावर असते," मोनाली म्हणाली.

"अशा उन्हात?"

"हो."

वनितानं चुकचुकत मान हलवली आणि डोक्याखाली हात घेऊन तिथंच आडवी झाली. काम पुन्हा सुरू व्हायला अजून अवकाश होता.